स्वप्नं पडतात, मग सकाळी आठवत का नाहीत?

प्रश्न असा आला आहे: "वय ४१, बुटीबोरी एमआयडीसीत पहिल्या पाळीला असतो. रात्री ११ला झोपतो, ४:३०चा अलार्म लावतो. बायको रोज सकाळी चहाबरोबर एक स्वप्न सांगते. मला दोन-तीन वर्षांत एकही आठवलेलं नाही. आई म्हणते, स्वप्न पडत नाही म्हणजे गाढ झोप, चांगलंच आहे. मित्र म्हणतो, स्मरणशक्ती चालली. बी-६ची गोळी घेऊन बघू का?"

स्मरणशक्तीची काळजी आधी बाजूला ठेवा. ओळखीच्या माणसाचं नाव ओठांवर येऊन अडतं, तेव्हा मेंदूत नोंद झालेली असते, ती फक्त सापडत नसते. स्वप्नाची बहुतेक वेळा पक्की नोंदच होत नाही. झोपेत पडलेलं स्वप्न पाटीवर ओल्या बोटाने लिहिल्यासारखं असतं. जाग आल्यावर एक-दोन मिनिटांत ते वाचून वहीत उतरवलं तर राहिलं, नाहीतर वाळून गेलं. त्यामुळे कुणाला स्वप्न आठवतं आणि कुणाला नाही, हे त्याच्या स्मरणशक्तीपेक्षा तो कधी आणि कसा उठतो यावर जास्त ठरतं. तुमच्या प्रश्नातला कामाचा धागा मला त्या ४:३०च्या अलार्ममध्येच दिसतो.

"मले सपनंच नाई पडत" म्हणणारी माणसं नागपुरात घरटी एखादी सापडेल. त्यांना स्वप्नं पडतात. १९५३मध्ये शिकागो विद्यापीठात अ‍ॅसरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी झोपेतला तो टप्पा नोंदवला, ज्यात मिटल्या पापण्यांआड बुबुळं भराभर हलतात. त्याला रेम झोप म्हणतात. १९५७मध्ये डिमेंट आणि क्लाइटमन यांनी लोकांना वेगवेगळ्या टप्प्यांतून उठवून विचारलं. रेममधून उठवल्यावर १९१पैकी १५२ वेळा, म्हणजे सुमारे ८० टक्के वेळा, स्वप्न सांगता आलं. बाकीच्या झोपेतून १६०पैकी फक्त ११ वेळा. पुढच्या संशोधकांनी "स्वप्न पडलं का?" ऐवजी "आत्ता मनात काय चाललं होतं?" असं विचारलं, तेव्हा बिगर-रेम झोपेतूनही बरंच काही निघालं. पण लांबलचक, चित्रमय, गोष्टीसारखी स्वप्नं मुख्यतः रेमचीच. त्या १९५७च्या प्रयोगातली आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. रेम संपल्यावर ८ मिनिटांच्या आत उठवलं तर काहींना स्वप्न आठवत होतं, त्यानंतर उठवलं की जवळजवळ कुणालाच नाही. स्वप्नाचं आयुष्य इतकंच असतं.

आता तुमच्या रात्रीचा हिशेब मांडू. झोपेचं एक चक्र साधारण ९० मिनिटांचं, माणसागणिक ८० ते ११०. पहिल्या चक्राच्या शेवटी येणारा रेमचा तुकडा ५-१० मिनिटांचा असतो. रात्र उतरते तसे हे तुकडे लांबतात आणि पहाटेचे ३०-४० मिनिटांपर्यंत जातात. शरीराचं तापमान पहाटे चारच्या आसपास सगळ्यात खाली येतं आणि त्यानंतरच्या तासा-दोन तासांत रेमचा जोर सर्वाधिक असतो. ११ ते ६:३० झोपणारा माणूस ४:३०ला उठला तर झोप पाऊण उरते, पण स्वप्नांचा वाटा त्याहून कितीतरी मोठ्या मापाने कापला जातो. ती शेवटची दोन तासांची झोप तुम्ही घेत नाही. अर्धं उत्तर इथेच मिळतं.

पहाटेचं स्वप्न खरं होतं, असं आपल्याकडे म्हणतात. खरं होतं की नाही ते राहू द्या, पण ते आठवतं हे नक्की. सगळ्यात लांब रेम पहाटे आणि जागही तेव्हाच. मध्यरात्रीची स्वप्नं खरी ठरायला कुणाला आठवतातच कुठे!

नोंद का होत नाही, याच्या मुळाशी रसायनं आहेत. जागेपणी घडलेली गोष्ट "ठेवण्यासारखी" ठरते, त्यात नॉरअ‍ॅड्रेनलिनचा मोठा हात असतो. ते तयार करणारा लोकस सेरुलियस नावाचा निळसर ठिपका मेंदूच्या देठात आहे. जागेपणी तो चालू असतो, गाढ झोपेत मंदावतो, आणि रेममध्ये जवळजवळ पूर्ण गप्प होतो. सेरोटोनिनचंही तसंच. उलट अ‍ॅसिटिलकोलिन भरपूर असतं, त्यामुळे दृश्यं आणि भावना जोरात चालतात. म्हणजे सिनेमा चालू, पण रेकॉर्डिंगचं बटण दाबणारा रजेवर. त्यात कपाळाच्या मागे, बाजूला असलेला मेंदूचा भाग, जो घटनांचा क्रम लावतो आणि "हे कसं शक्य आहे?" असं विचारतो, तोही रेममध्ये मंद असतो. मेंदूचा कुठला भाग किती काम करतोय हे दाखवणाऱ्या पेट स्कॅनच्या नव्वदच्या दशकातल्या अभ्यासांत हे दिसलं. क्रम नाही, शंका नाही, म्हणून आठवायला खुंटीही नाही.

२०१९मध्ये जपानच्या नागोया विद्यापीठातल्या गटाने उंदरांवर काम केलं. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधल्या एमसीएच नावाच्या पेशींपैकी काही रेममध्येच जाग्या होतात आणि स्मृती साठवणाऱ्या हिप्पोकॅम्पसला आवर घालतात. या पेशी फक्त रेमच्या काळात बंद केल्या तर उंदरांना आधी पाहिलेल्या वस्तू जास्त चांगल्या लक्षात राहिल्या. म्हणजे विसरणं हे नुसतं दुर्लक्ष नसून काही अंशी मेंदूचं चालू कामही असू शकतं. तरी उंदराला काय स्वप्न पडलं हे कुणी विचारू शकत नाही, तेव्हा हा निष्कर्ष माणसाच्या स्वप्नांना जसाच्या तसा चिकटवू नये.

फ्रॉइडने १९००मध्ये मांडलं होतं की नकोशी इच्छा मन दाबतं, म्हणून स्वप्न विसरतं. रोजच्या विस्मरणासाठी त्या सिद्धांताची गरज पडत नाही. लोक निरुपद्रवी, कंटाळवाणी स्वप्नंही तितक्याच बेमालूम विसरतात. उलट भीतिदायक स्वप्नंच जास्त आठवतात, कारण ती माणसाला दचकवून जागं करतात.

आता जाग येण्याचा तो क्षण जवळून पाहू. समजा, मे महिना आहे, नवतपा लागलाय. पहाटे लाईट गेली आणि कूलरचा घरघराट एकदम थांबला. त्या शांततेनेच जाग आली. डोक्यात आहे: सीताबर्डीचा मुंजे चौक, शेजारी शाळेतले गणिताचे सर, त्यांच्या हातात संत्र्यांची पेटी, पेटीत संत्र्यांऐवजी चपला, आणि त्यातली डावी तुमची. पहिल्या १० सेकंदांत हे सगळं लख्ख दिसतं. मग तुम्ही कूस बदलता, उशाशी मोबाईल चाचपता, किती वाजले बघता, लाईट आपलीच गेली की गल्लीची ते खिडकीतून पाहता. दीड मिनिटानंतर उरतं इतकंच: "काहीतरी चपलांचं होतं." चहा होईपर्यंत तेही जातं, आणि मागे नुसती एक चुटपुट राहते की काहीतरी पाहिलं होतं. या अवस्थेला संशोधक पांढरं स्वप्न म्हणतात: पडल्याचं माहीत, काय ते माहीत नाही.

त्या दीड मिनिटात दोन गोष्टी एकमेकींवर आदळल्या. एक, झोपेची गुंगी. जागं होताना मेंदूचा देठ आणि आतले भाग लगेच चालू होतात, पण कपाळामागचा भाग पूर्ण ताळ्यावर यायला १५ ते ३० मिनिटं लागतात. सावकाश आठवण काढायला नेमका तोच भाग हवा. दोन, नवी माहिती. कच्च्या नोंदीवर घड्याळ, लाईट, गल्ली असं काहीही येऊन पडलं की ती पुसते. १९७३मध्ये अमेरिकेत कोहेन आणि वुल्फ यांनी याची सोपी परीक्षा घेतली. एका गटाने उठल्याबरोबर हवामानाची माहिती देणाऱ्या नंबरवर फोन करून तापमान लिहायचं, दुसऱ्याने तेवढा वेळ नुसतं पडून राहायचं, आणि मग दोघांनी स्वप्न लिहायचं. फोन करणाऱ्यांना स्वप्नं स्पष्टपणे कमी आठवली. मे महिन्यात नागपूरकर डोळे उघडताच मोबाईलवर "आज किती जाणार?" बघतात, तो हाच प्रयोग, रोजचा.

रोज आठवणारे आणि क्वचित आठवणारे यांच्यात काय फरक असतो, हे फ्रान्समधल्या ल्योनच्या गटाने पाहिलं. आठवणारे रात्रीतून एकूण सुमारे ३० मिनिटं जागे असतात, न आठवणारे साधारण १५. झोपेत नाव पुकारलं तर आठवणाऱ्यांचा मेंदू जास्त प्रतिसाद देतो, आणि कानाच्या वर-मागे असलेल्या शंख-पार्श्व संधीच्या भागात त्यांच्याकडे झोपेतही आणि जागेपणीही हालचाल अधिक असते. साध्या भाषेत, त्यांची झोप जरा सावध असते. मध्ये मध्ये अशी थोडी थोडी जाग येते, तेव्हा स्वप्न उतरवून घेतलं जातं. तुमच्या आईंचं म्हणणं म्हणून निम्मं बरोबर आहे. स्वप्न "पडत नाही" हे चूक, पण ज्याला आठवत नाही त्याची झोप सलग असण्याची शक्यता खरीच जास्त. बायकांना पुरुषांपेक्षा स्वप्नं किंचित जास्त आठवतात, वय वाढतं तशी आठवण उतरते, आणि ज्याला स्वप्नांत रस आहे त्याला जास्त आठवतात. मोठ्या माणसांत आठवड्याला एखादं आठवणं हे अगदी सर्वसाधारण प्रमाण आहे.

आठवायची हौसच असेल तर पद्धत आहे आणि ती फुकट आहे. पहिल्या पाळीच्या आठवड्यात सुरू करू नका. सुट्टीचा किंवा दुसऱ्या पाळीचा आठवडा धरा, जेव्हा निदान सात-साडेसात तास झोपता येईल आणि अलार्मशिवाय जाग येईल. उशाशी जाड कागदाची वही आणि पेन्सिल ठेवा, आणि वहीत रात्रीच उद्याची तारीख घालून ठेवा. आडवं पडून लिहिताना बॉलपेन अडतं, पेन्सिल अडत नाही. मोबाईल हाताच्या अंतरावर नको, दुसऱ्या खोलीत. डोळे मिटताना मनात एकच वाक्य म्हणा: "जाग आली की आधी स्वप्न आठवीन." हे बाळबोध वाटेल, पण हेतू धरून झोपणाऱ्यांची आठवण वाढते.

जाग आली की हलायचं नाही. डोळे मिटलेलेच, कूस तीच. ६० ते ९० सेकंद तसंच पडा आणि स्वतःला "काय स्वप्न पडलं?" असं विचारू नका, कारण त्याचं उत्तर हमखास "काही नाही" येतं. "आत्ता कुठे होतो? कोण होतं? कसं वाटत होतं?" असं विचारा. शेवटचं चित्र पकडून मागे जायचं, सुताची गुंडी उलटी सोडवावी तसं: चपला, त्याआधी पेटी, त्याआधी सर, त्याआधी चौक. काहीच हाती लागलं नाही तर हळूच दुसऱ्या कुशीवर वळा. ज्या कुशीवर स्वप्न पडलं तिच्यावर ते सापडतं, असा बऱ्याच वही लिहिणाऱ्यांचा अनुभव आहे. मग आधी तीन-चार सुटे शब्द लिहा, वाक्यं नंतर. नुसती भावना उरली असेल तर तीच लिहा: "घाई, लाज, पावसाचा वास." कोरं पान सोडू नका, "काही नाही" असंही लिहा, म्हणजे सवय तुटत नाही. दोन आठवडे पुरतात. बहुतेकांना पहिल्याच आठवड्यात दोन-तीन तुकडे मिळतात.

अक्षर वाचता येईल असं काढा, ही सूचना हसण्यावारी नेऊ नका. ऑस्ट्रियातल्या ग्राझचे ओटो लोवी यांना मध्यरात्री स्वप्नात एक प्रयोग सुचला. त्यांनी तो चिठ्ठीवर खरडला, आणि सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना. पुढच्या रात्री तेच स्वप्न पुन्हा पडलं, तेव्हा ते उठून थेट प्रयोगशाळेत गेले. बेडकाच्या हृदयावरच्या त्या प्रयोगाने नसा रसायनांतून निरोप देतात हे सिद्ध झालं, शोध १९२१मध्ये छापून आला, १९३६मध्ये नोबेल मिळालं. ते रसायन होतं अ‍ॅसिटिलकोलिन, रेम झोपेत ज्याचा पूर येतो तेच.

या वहीच्या नादात काही गोष्टी बिघडतात. सगळ्यात मोठी म्हणजे शिलाई. तीन तुकडे आठवतात आणि लिहिताना आपण त्यांची गोष्ट बनवतो. आठ दिवसांनी वाचलं की वाटतं स्वप्न असंच होतं. तुकड्यांच्या मध्ये रेघ ओढून जागा रिकामी ठेवा. दुसरी चूक, रात्री दर ९० मिनिटांनी अलार्म लावणं. इंटरनेटवर हा सल्ला फिरतो. चक्र प्रत्येकाचं वेगळं, त्यामुळे अलार्म पुष्कळदा रेमबाहेरच वाजतो, स्वप्न मिळत नाही आणि दुसऱ्या दिवशी मशीनवर डुलकी मात्र मिळते. तुमच्या कामात ही चूक परवडणारी नाही. झोपताना दोन ग्लास पाणी पिऊन लघवीला उठायची युक्तीही त्याच जातीची. ज्यांना आधीच निद्रानाश आहे, मोठा मानसिक आघात झाला आहे किंवा भ्रम-भासांचा आजार आहे, त्यांनी स्वप्नवही डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये.

बी-६बद्दल. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडच्या २०१८च्या अभ्यासात झोपण्याआधी २४० मिलिग्रॅम, सलग ५ दिवस दिल्यावर लोकांना स्वप्नातला मजकूर जास्त आठवला. स्वप्नांचा ठळकपणा मात्र वाढला नाही. मोठ्या माणसाची रोजची गरज दीड मिलिग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे हा डोस दीडशेपट झाला. इतकं बी-६ महिनोन्‌महिने घेतलं तर हातापायांच्या नसा बिघडतात, मुंग्या येतात, तळवे बधिर होतात. औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतं म्हणून घेऊ नका. सुट्टीच्या दिवशीचा एक तास जास्तीचा झोपेचा त्याहून उपयोगी.

दारूने रात्रीच्या पूर्वार्धात रेम दबतो आणि उत्तरार्धात उसळून येतो, म्हणून पार्टीनंतर पहाटे विचित्र, घामाघूम करणारी स्वप्नं. गांजा रोज घेणाऱ्याचाही रेम दबतो आणि तो सोडल्यावर काही आठवडे स्वप्नांचा भडिमार होतो, त्याला घाबरून पुन्हा सुरू करणारे पुष्कळ. नैराश्यावरच्या एसएसआरआय गोळ्या रेम कमी करतात, रक्तदाबावरच्या प्रोप्रानोलोल किंवा मेटोप्रोलोलने काहींना वाईट स्वप्नं पडतात. यातली कुठलीही गोळी स्वप्नांसाठी मनाने बंद करायची नाही. रात्री ११ला सावजी रस्सा हाणून झोपलं की स्वप्नं पडतात म्हणतात, त्यात तिखटाची जादू नाही. घशाशी येतं, झोप मोडते, आणि मोडलेल्या झोपेत स्वप्न सापडतं.

नागपुरात उन्हाळ्याचा मुद्दा वेगळा मांडावा लागतो. रेममध्ये शरीराचं स्वतःचं तापमान सांभाळायचं काम ढिलं पडतं, घाम येण्याची प्रक्रियाही मंदावते. खोली तापलेली असेल तर मेंदू रेम आखूड करतो किंवा मोडून जागं करतो. कूलरची टाकी रात्री १०ला भरली तर पहाटे ३-४ला कोरडी होते, गवत वाळतं आणि पंखा नुसता गरम वारा फेकतो, नेमका रेमच्या ऐन वेळी. मेमध्ये "फार स्वप्नं पडतात" अशी तक्रार येते त्यामागे माझ्या मते हेच असतं: स्वप्नं तितकीच, मोडतोड जास्त. टाकी झोपताना काठोकाठ भरा, ती लहान असेल तर फ्लोट व्हॉल्व्ह लावून घ्या, आणि समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवा, नाहीतर दमट हवा खोलीतच कोंडते.

काळजी कधी करायची? स्वप्न न आठवणं एकटंच असेल तर कधीच नाही. पण घोरणं मोठं आहे, मध्येच श्वास अडकतो, सकाळी डोकं जड आणि बसमध्ये बसल्या बसल्या झोप, असं असेल तर स्लीप अ‍ॅप्निया तपासावा लागतो. रेममध्ये स्नायू ढिले पडल्याने तो तिथेच जास्त बळावतो आणि स्वप्नांची झोप तुकडे तुकडे करतो. पक्षाघातानंतर स्वप्नं अचानक पूर्ण थांबली तर मेंदूविकार तज्ज्ञांना सांगा. पन्नाशीनंतर झोपेत लाथा मारणं, ओरडणं, पलंगावरून पडणं सुरू झालं तर तेही सांगाच. रेममध्ये शरीर लुळं राहायला हवं, ते राहत नाही अशी ती स्थिती, आणि काहींमध्ये ती पार्किन्सनच्या कित्येक वर्षं आधी दिसते. गंमत म्हणजे अशा रुग्णांपैकी काही जण "मला स्वप्नंच पडत नाहीत" असं ठामपणे सांगतात, आणि रात्री झोपेत भांडत असतात.

यातलं काही तुमच्या बाबतीत खरं आहे का, हे तुम्हाला झोपेत कळणार नाही. पत्नीला विचारा, आणि दोन-तीन रात्री पहाटे साडेतीन-चारच्या सुमारास मोबाईलवर तुमचा ५ मिनिटांचा व्हिडिओ घ्यायला सांगा, आवाजासकट, पांघरूण छातीपर्यंत खाली ठेवून. डॉक्टरांकडे जायची वेळ आली तर तो व्हिडिओ, चालू गोळ्यांची पाकिटं आणि पत्नी, तिन्ही बरोबर न्या.